खिडकीतले हात

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ फोनवर तुम्ही दोघं जेवत होता आणि मी बोलत होते, त्यामुळं मला जे सांगायचं होतं ते राहून गेलं. तुमच्यातली थोरली सध्या सिनेमाचा अभ्यास करते. तिनं मला एक चित्र दाखवलं. लांबलचक बोळ, बोळाच्या शेवटी दार, दारात एक माणूस आणि त्याच्या डोक्याला टेकेल इतकं खाली छत. म्हणाली, "आजी, गुन्ह्याच्या सिनेमात माणूस असा चौकटीत कोंडून दाखवला की समजायचं, हा आता सुटत नाही. तो काय बोलतो ते ऐकायचंच नाही, कुठं उभा केलाय ते बघायचं. तुझ्या लक्षात आलं असतं का गं हे?" धाकटा भात चिवडत म्हणाला, "आजीच्या गावात थेटर तरी होतं का?" तुम्ही दोघं हसलात, तुमच्या आईनं ताटं उचलली आणि फोन बंद झाला.

थेटर नव्हतं. तरीही माझ्या लक्षात आलं होतं, आणि त्या लक्षात येण्यापायी मला जो मनस्ताप झाला तो मी अजून विसरलेले नाही. पुढच्या महिन्यात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्यानंतर डॉक्टर किती दिवस लिहू देणार नाहीत कोण जाणे. फोनवर तर तुम्ही मला वाक्याच्या क्रियापदापर्यंतही पोचू देत नाही. म्हणून आत्ताच नीट, क्रमानं लिहून ठेवते. वाचताना जेवू नका.

तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं आणि लोहारा तालुका झालेला नव्हता. तुमचे आजोबा जनावरांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना लोहाऱ्याहून सास्तूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात होता, म्हणून आम्ही त्या गावात राहायचो. मी रोज सकाळी एसटीनं लोहाऱ्याला जाऊन हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायची. माझं शिक्षण हैदराबादला इंग्रजी माध्यमात झालेलं. निजामाच्या वेळचं ते शहर, ती शाळा, तिथली वाचनालयं सोडून मी या काळ्या मातीत आले, आणि माझी वेणीसारखी गुंफलेली लांबलचक इंग्रजी वाक्यं ऐकायला वर्गात पोरं आणि खिडकीत शेळ्या असायच्या. तक्रार करत नाही. शेळ्या जास्त शांत होत्या.

बाहत्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, पण गावात कुणी "सरला" असं म्हणत नसे. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या बायकांचे तळहात ओळखू यायचे. त्यातच सहकाराचं वारं आलं. पाऊस पडो न पडो, म्हैस आहे तर दोन वेळा दूध आहे, असं म्हणून गावात दूध संस्था निघाली. तुमचे आजोबा तिचे सल्लागार. चेअरमन गावातलेच एक मोठे शेतकरी, टोपी कायम पांढरीशुभ्र, आवाज इतका गोड की ते नाही म्हणाले तरी ऐकणारा आभार मानून जायचा.

संस्थेला दूध तपासणारं माणूस हवं होतं. गावातल्या बौद्ध वस्तीतली एक मुलगी माझ्या शाळेतून मॅट्रिक झालेली होती, लग्न होऊन गावातच नांदत होती. पदरात दोन मुली, नवरा लातूरला कामाला, घरी सासू. जिल्ह्याच्या ठिकाणी दूध तपासायचं शिक्षण तिनं पूर्ण केलं आणि दुसरं कुणी ते केलंच नाही, म्हणून संस्थेला तिला घ्यावं लागलं. तिच्या वस्तीतल्या बाईला गावात बसून मिळालेली ही पहिली पगाराची नोकरी. गाव तिला टेस्टरबाई म्हणू लागलं. सासू तर वेशीपासून कुणी विचारलं नाही तरी सांगत यायची, "आमची सून टेस्टर हाय."

आता दूध तपासायच्या खोलीबद्दल सांगते, कारण सगळं त्या खोलीत आहे. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, मागच्या बाजूला दार. रस्त्याच्या अंगाला, उभ्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, एक लहानशी खिडकी, तिला उभे गज. सचिव बाहेर पत्र्याखाली उभा राहून लोकांचं दूध मापायचा, त्यातलं थोडं एका छोट्या बाटलीत घ्यायचा आणि ती बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा. टेस्टरबाई आतून ती उचलायची, तपासायची आणि आकडा सांगायची. तिनं बाहेर यायचं नाही, कॅनजवळ उभं राहायचं नाही. कारण काय, तर धूळ. उघड्यावर धूळ असते आणि तपासणीच्या कामाला धूळ चालत नाही, असा ठराव कमिटीनं केला होता. दूध मात्र त्याच धुळीत उघड्यावर मापलं जायचं. खरं कारण गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिचा हात दुधाच्या कॅनला लागू नये, एवढंच ते होतं. मी तुमच्या आजोबांना म्हटलं, "या ठरावाला तुम्ही काहीच बोलला नाहीत?" ते म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या खोलीत तपासणी करायला हरकत नाही." तुमचे आजोबा फार चांगले गृहस्थ होते, पण "तांत्रिकदृष्ट्या" या शब्दाच्या मागं ते आख्खे मावायचे.

संस्थेचा वाढदिवस आला तेव्हा चेअरमननी सभासदांसाठी फुकट सिनेमा ठेवला. फिरत्या टॉकीजवाल्यांचं यंत्र आलं, डेअरीच्या अंगणात दोन बांबू रोवले आणि मधे पांढरं कापड ताणलं. आपल्याकडं अशा सिनेमाला बसायची एक रीत होती. पुरुष पडद्याच्या पुढं, यंत्राच्या बाजूला. बायका पडद्याच्या मागं. कापड पातळ असल्यामुळं चित्र मागूनही दिसायचं, फक्त उलटं. आरशात दिसावं तसं डावीकडचं उजवीकडं. बायकांना त्याचं काही वाटत नसे, कारण त्यांनी सिनेमा दुसऱ्या बाजूनं कधी बघितलाच नव्हता. मला वाटायचं. मी शिकलेली, पगार घेणारी बाई, आणि सिनेमाच्या सुरुवातीची नावं मला उलट्या अक्षरांत वाचावी लागत होती. मी चेअरमनना विचारलं, बायकांनी पुढं एका बाजूला बसलं तर? ते गोड आवाजात म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी तर कुठंबी बसा. पर बाकीच्यांला मागंच बरं वाटतंय." बाकीच्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेवटी मी मागंच बसले, चेअरमनच्या आईशेजारी. त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणायचे. त्यांचं वय झालं होतं, नजर शाबूत होती आणि तोंडाला विश्रांती नव्हती.

सिनेमा हिंदी, खुनाचा. शहरातल्या मोठ्या बंगल्यातला एक श्रीमंत म्हातारा रोज थोडाथोडा खंगत चाललाय, आणि घरातलंच कुणीतरी त्याच्या दुधाच्या पेल्यात काहीतरी घालतंय. कोण, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. आता थोरलीनं लक्ष द्यावं. त्या दिग्दर्शकाला तुझा धडा चांगला ठाऊक होता. विष घालणाऱ्याचा चेहरा त्यानं दाखवलाच नाही. दाखवले ते फक्त हात. मुदपाकखान्याची एक लहान गजांची खिडकी, आत अंधूक उजेड, आणि त्या चौकटीत एक पेला, एक बाटली, दोन हात. खांद्यापासून वर काही नाही. दर वेळी तीच खिडकी, त्याच अंतरावरून. नोकराला दाखवताना जिन्याच्या कठड्यातून, म्हणजे त्याच्या अंगावर पट्टे पडलेले. म्हाताऱ्याच्या सुनेला दाखवताना दोन दारांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून. कुणी काही गुन्हा केलेला नसतो, तरी फटीतून दिसलेलं माणूस चोरटंच वाटतं. मी मागं बसून हे सगळं बघत होते आणि मला कौतुक वाटत होतं. कापडाच्या उलट्या बाजूनंही ही युक्ती लागू पडत होती. डावं उजवं झालं, पण गज दोन्हीकडून गजच.

बाटली येताच थोरल्या बाईंनी मला कोपर मारलं.

"मास्तरीणबाई, त्यो डावखुरा हाय बघा."

"नाही हो. आपण मागून बघतोय. पुढून उजवा हात दिसत असेल."

"मला दिसायलाय की डावा."

"दिसतोय डावा. आहे उजवा."

थोरल्या बाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू इंग्रजी शिकून बाईचं असंच होतं. मग मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "डावखुरा हाय गं. ध्यानात ठिवा, शेवटाला कामाला येतंय."

तिथंच, बायकांच्या कडेला, टेस्टरबाई तिच्या दोन मुलींना घेऊन बसली होती. आणि टेस्टरबाई जन्माची डावखुरी.

दूध कसं तपासतात ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. काचेच्या एका नळीत आधी तेजाब घ्यायचं, म्हणजे जळजळीत ॲसिड. त्यावर मोजून दूध सोडायचं, वर आणखी एका औषधाचे थेंब, मग बूच लावून नळी हलवायची. नळी तापते आणि आतलं पांढरं दूध बघताबघता काळपट तपकिरी होतं. मग एका हातानं फिरवायच्या यंत्रात नळ्या गरागरा फिरवल्या की वर तुपाची पिवळी रेघ दिसते. ती मोजली की फॅट कळली. हे तपासलेलं दूध फेकूनच द्यायचं असतं, ते कॅनमध्ये परत जात नाही. पण खिडकीतून काय दिसायचं? गज, अंधूक उजेड, एक बाटली, दोन हात. डावा हात बाटली धरलेला. आणि पांढरं दूध काळं होताना.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेतली एक बाई घागर खाली ठेवून खिडकीकडं बघतच राहिली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी. त्या उन्हाळ्यात पुन्हा पाऊस लांबला होता, चारा नव्हता, जनावरांपुढं उसाच्या शेंड्यांचं वाढं आणि जुना कडबा. अशा दुधाला डिग्री लागत नाही. डिग्री म्हणजे दुधाचा घट्टपणा मोजायचा आकडा. तो कमी आला की दुधात पाणी घातलंय असा संशय येतो. म्हणजे ज्यांनी पाण्याचा थेंब घातला नव्हता त्यांचंही दूध पाण्याचं ठरू लागलं, आणि ते सांगायचं काम टेस्टरबाईचं. आत बसून, चेहरा न दाखवता, एक आकडा. माणसं चिडणारच. चिडायला जागा हवी होती, ती त्यांना खिडकीत सापडली.

"बाई कायतरी टाकायलीय दुधात."

"डाव्या हातानं टाकती. म्या बघितलंय."

"तसाच हात. त्या सिनेमात होता न्हवं, तसाच."

मी एसटीची वाट बघत उभी असताना हे माझ्या कानावर येऊ लागलं. मी म्हणायची, अहो ती तेजाब टाकते, तपासायला टाकते, तुमचे डॉक्टरसाहेब सांगतील. सगळ्या माना डोलवायच्या आणि एसटी आली की पुन्हा तेच. मला राग येत होता तो अडाणीपणाचा नाही. दूध काळं होताना बघून कुणीही दचकेल. राग येत होता तो सोयीचा. ज्या दोन-चार घरांना पहिल्या दिवसापासून ती तिथं नको होती, त्यांना आजवर ते उघड बोलता येत नव्हतं. कायदा होता, काळ बदललेला होता, चेअरमनचा आवाज गोड होता. सिनेमानं त्यांना सभ्य कारण आणून दिलं. आता ते म्हणू शकत होते की आमचं जातीबितीचं काही नाही, आम्हाला फक्त दुधाची काळजी आहे.

महिना उलटायच्या आत चेअरमननी सभा बोलावली. विषय एकच: लातूरहून एक माणूस तपासणीला आणावा आणि टेस्टरबाईंना "दुसरं काही हलकं काम" द्यावं. दुसरं काम संस्थेत कॅन धुण्याचं होतं, आणि कॅनला तर तिचा हात लावू देत नव्हते. म्हणजे तिला घरी बसवायचं होतं. आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडं आली. रडली नाही. चहाही घेतला नाही. एवढंच म्हणाली, "बाई, उद्या शाळेतनं सुट्टी काढा. मला तिथं ऐकणारं एक तरी माणूस पायजे. बोलणारी मी हाय."

मी सुट्टी काढली. पण ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही, हे तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलंच असेल. मी घरून पतंगाचा पातळ कागद आणि काळी शाई घेऊन गेले.

सभा सकाळी डेअरीच्या अंगणात, कडुलिंबाच्या झाडाखाली. पुरुष सतरंजीवर, बायका खोलीच्या भिंतीला लागून. टेस्टरबाई आत, खिडकीमागं. तिच्याबद्दलची सभा, आणि तिनं ती गजांमधून बघायची. मी उभी राहिले आणि सरळ मुद्द्याला हात घातला. कागदावर मी एक हात काढला होता, बाटली धरलेला. तो उजेडासमोर धरून पुरुषांना विचारलं, कोणता हात?

"उजवा."

मी कागद तसाच ठेवून बायकांना पलीकडून बघायला बोलावलं. "कोणता?"

"डावा."

"हात एकच आहे. तुम्ही त्या दिवशी पडद्याच्या मागं बसला होता, म्हणून तुम्हाला डावा दिसला. सिनेमातला माणूस उजव्या हाताचा होता. टेस्टरबाई डावखुऱ्या आहेत. त्याचा आणि यांचा काही संबंध नाही."

पुरुषांतले काही हसले, कुणीतरी म्हणालं, बरोबर हाय की, आमाला उजवाच दिसला हुता. मला वाटलं, झालं. वर्गात एखादं गणित सुटावं तसं सुटलं. तेवढ्यात चेअरमन गोड आवाजात म्हणाले, "मास्तरीणबाईंनी लई चांगलं समजावलं. म्हंजी खुनी उजव्या हाताचा. बरं. मंग बाईंचा हात डावा हाय तर असू द्या. पर औषध तर त्या टाकत्यातच की."

माझ्या हातात तो पतंगाचा कागद तसाच राहिला. आयुष्यात मी कमी मूर्ख लोकांना कमी चांगले पुरावे देऊन पटवलेलं आहे. त्या दिवशी मला कळलं की माणसांना डाव्या-उजव्याशी काही देणंघेणं नव्हतं. हात कुणाचा, कुठला, हे त्यांनी बघितलंच नव्हतं. त्यांनी खिडकी बघितली होती. मी तुमच्या आजोबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या ते औषध..." आणि त्यांना कुणीतरी मधेच तोडलं.

तेव्हा आतून आवाज आला.

"चेअरमनसाहेब, मी एक बोलू का?"

सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं. हातच दिसत होते, गजांवर ठेवलेले.

"तुमाला हितून माझे हात दिसतात. मला हितून काय दिसतंय सांगू? तुमची पोटं. सकाळ-संध्याकाळ पोटं. कुणाचा सदरा, कुणाचा पदर, कुणाचा कडदोरा. तोंड कुणाचं दिसत न्हाय. आता नुसत्या पोटावरनं मला कळायलंय का कुणी दुधात पाणी घातलंय ते? म्या आजवर एकाच्याबी पोटावर संशय घेतला न्हाय, साहेब."

बायकांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. पुरुषांत एकानं नकळत सदरा खाली ओढला. चेअरमननी नाही ओढला, पण त्यांनी मांडी बदलली.

"आकडा नळीवर असतो," ती म्हणाली. "ज्याला बघायचाय त्यानं बघावा. पर हितं आत यून कोण बघणार? तुमी कुणी माझ्या खोलीत यायचे न्हाय. मंग मीच येते भायेर."

आणि ती आली. मागच्या दारानं वळसा घालून, हातात नळ्यांचं लाकडी खोकं. मग परत आत गेली आणि फिरवायचं यंत्र घेऊन आली. मग तिसऱ्यांदा आत गेली आणि तिच्या टेबलाची फरशी ओढू लागली. शहाबादी फरशी, चार विटांच्या खांबांवर नुसती ठेवलेली. ती तिला एकटीला पेलेना. दारात मीच जवळ होते, म्हणून दुसरं टोक मी धरलं. इंग्रजी माध्यमात फरशी उचलायला शिकवत नाहीत. बोट चेंगरलं, त्याचं नख वर्षभर काळं होतं. विटा तिच्या थोरल्या मुलीनं आणि तुमच्या आजोबांनी आणल्या, आणि लिंबाखाली टेबल उभं राहिलं.

"पर धूळ..." सचिव म्हणाला.

यावर सगळ्यांत आधी उठल्या त्या थोरल्या बाई. त्यांच्याच कोपरानं ही सगळी भानगड सुरू झाली होती, म्हणून आता आणखी बिघडणार असं मला वाटलं. त्या काठी टेकत आल्या, पुरुषांची सतरंजी ओलांडून सरळ टेबलापुढं उभ्या राहिल्या आणि लेकाला म्हणाल्या, "आतबी सारवल्याली भुईच हाय, तिथं काय धूळ नसती व्हय? बस तू गप. मला बघू दे. त्या दिशी मागनं बघितलं, आज म्होरून बघते."

टेस्टरबाईनं त्यांच्याच घरच्या म्हशीचं दूध घेतलं. डाव्या हातानं तेजाब सोडलं, वर दूध. नळी काळी झाली तशा बायका एक पाऊल मागं सरल्या. थोरल्या बाई नाही सरल्या.

"जळतंय व्हय हे?"

"जळतंय, थोरल्या बाई. म्हणून तर नीट धरावं लागतं. हात लावून बघा, तापलीय."

सगळं अंगण त्या वाक्यावर थबकलं, हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज पडू नये. नळी टेस्टरबाईच्या हातात होती. ती हातात घ्यायची म्हणजे तिच्या हातातून घ्यायची. थोरल्या बाईंनी क्षणभर लेकाकडं पाहिलं, मग नळी घेतली, चटका बसला तशी पदरात धरली आणि म्हणाल्या, "व्हय गं, तापलीय की." यंत्र फिरलं, पिवळी रेघ वर आली, आणि त्यांनी डोळ्याजवळ नेऊन ती स्वतः बघितली.

"डिग्री कमीच लागणार ह्याला," टेस्टरबाई म्हणाली. "तुमच्या म्हशीला चारा न्हाय. पाणी तुमी घातलेलं न्हाय, ते मला तुमच्या तोंडावरनं दिसायलंय. ते आतनं कसं दिसणार?"

"तुजा हात डावाच हाय व्हय?"

"जल्मापासनं."

"आन सिनेमातला?"

"उजवा. बाईंनी कागद दाखवला न्हवं मघाशी."

"मास्तरीणबाईंचं मला काय कळत न्हाय," थोरल्या बाई म्हणाल्या. हे त्या माझ्यासमोरच म्हणाल्या.

लातूरच्या माणसाचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. चेअरमननी गोड आवाजात जाहीर केलं की तपासणी यापुढं उघड्यावर होईल, म्हणजे सभासदांचा विश्वास वाढेल, आणि ही कल्पना कमिटीची आहे. टेस्टरबाईनं माझ्याकडं बघून फक्त भुवई उडवली.

सगळं गोड झालं असं समजू नका. दोन घरांनी संस्थेत दूध घालणं बंद केलं आणि कारण विचारलं तर पुन्हा धूळच सांगितली. पुढल्या वर्षी सिनेमा आला तेव्हा बायका न सांगता पडद्याच्या मागं जाऊन बसल्या, थोरल्या बाई सगळ्यांत आधी. मी पुढं बसले, एकटी, पुरुषांच्या कडेला, आणि संपूर्ण सिनेमाभर माझ्या पाठीत नजरा टोचत राहिल्या. पण डेअरीत बदल झाला तो टिकला. औषध तेच, हात तोच, दूध तसंच काळं व्हायचं. फक्त आता हातांच्या वर एक बाई होती, घामेजलेली, कुणाला हसणारी, कुणावर खेकसणारी, आणि तिच्यावर कुणाला संशय घ्यायला सुचेना. टेबलाभोवती गर्दी व्हायची आणि ती ओरडायची, "मागं सरा की, उजेड अडवायलाव तुमी."

तेव्हा थोरले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. चौकट म्हणजे माणसाचं नशीब, हे तुझ्या सरांनी सांगितलेलं मला पूर्ण पटलेलं नाही. चौकट कुणीतरी ठरवून लावलेली असते. सिनेमात ती दिग्दर्शक लावतो, तो निदान तिकिटाचे पैसे घेऊन लावतो आणि शेवटी खरा गुन्हेगार दाखवतो. आमच्याकडं ती कमिटीनं लावली होती, धुळीचा ठराव करून, आणि मग त्याच चौकटीतून जे दिसलं त्यावरून त्या बाईला दोषी धरलं. यापुढं असा कोंडलेला माणूस दिसला की तुझ्या वहीत लिही, पण एवढं विचारत जा, की ही खिडकी आधी कुणी आणि कशाला बांधली. हे तुझ्या अभ्यासक्रमात नसेल. नसायचंच.

ती पुढं तिथंच निवृत्त झाली. तिच्या धाकट्या मुलीनं तेच शिक्षण घेतलं. त्र्याण्णवच्या भूकंपात गावातली माळवदं बसली तशी ती खोलीही बसली. तेव्हा टेस्टरबाईचं घर उघड्या माळावर, हलक्या पत्र्याचं होतं, म्हणून घरचे सगळे वाचले. गाव नव्या जागी वसलं. ढिगाऱ्यातून खिडकीचे गज कुणी नेले ते माहीत नाही. फरशी बाहेर झाडाखालीच होती, म्हणून तिला काही झालं नाही. आता नव्या गावात दूध तपासायला विजेचं यंत्र आहे, ते त्याच शहाबादी फरशीवर ठेवलेलं आहे, आणि खोलीला खिडकी न ठेवता पुढची बाजू सगळी मोकळी सोडलेली आहे.